रांगतं मूल, ओट्याखालचं कपाट आणि फडताळातला सोडा

अर्धवट_चहा

धागा काढायचं कारण आधी सांगते. परवा संध्याकाळी फोनवर बोलत होते, दोन मिनिटं, फार तर तीन. एकदम घरात शांतता पसरली. ज्यांच्या घरी रांगणारं मूल आहे त्यांना ही शांतता बरोबर कळेल. धावत जाऊन बघते तर आमचं दहा महिन्यांचं रत्न ओट्याखालचं कपाट उघडून बसलेलं, दोन्ही हातांत संडास धुवायच्या लिक्विडची बाटली आणि झाकण तोंडात. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा वाजता उठून कपाट रिकामं केलं, सगळ्या बाटल्या एका बादलीत भरल्या आणि बादली माळ्यावर.

आता प्रश्न असा की घर तर साफ करायचंच आहे. फडताळात खायचा सोडा आहे, पांढरं व्हिनेगर, मीठ, कॉर्नफ्लोर, तेल आणि लिंबं. इंटरनेटवर सगळे सांगतात की सोड्यात व्हिनेगर घाला, जगातली कुठलीही घाण जाते. मी सिंकमध्ये घातलं. फसफसून फेस आला, थोरल्याने (वय चार) टाळ्या वाजवल्या, 'परत कर' म्हणाला. सिंक होतं तसंच.

तर ज्यांनी हे स्वतः करून पाहिलंय त्यांनीच सांगा. माझ्यापुढच्या अडचणी: गादीवरची शू, भिंतीवरचे मेणखडू, दूध राहून आंबलेली बाटली, केटलीतला पांढरा थर आणि कपाटावर चिकटवलेले स्टिकर. 'ऐकलंय की' वाले सल्ले नकोत, ते भरपूर मिळालेत.

धुणंभांडी

आंबलेल्या बाटलीचं मी सांगते, कारण माझी अर्धी हयात बाटल्या धुण्यात चालली आहे.

दूध आंबलं की जो वास येतो तो आम्लांचा. सोडा अल्कली, त्यामुळे तो या वासावर खरंच काम करतो, नुसता झाकत नाही. कोमट पाण्यात एक चमचा सोडा घालायचा, बाटली, बूच, रबर सगळं सुटं करून त्यात बुडवायचं, तासभर तरी. मग नेहमीसारखं साबणाने धुवायचं आणि भरपूर पाण्याने खळबळायचं. वास बहुतेक वेळा बुचाच्या आतल्या त्या पातळ रबरी चकतीत बसलेला असतो. ती काढायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी सहा महिने बाटली धूत होते आणि चकती तशीच! काढली तेव्हा खाली काय होतं ते लिहीत नाही, लोक जेवत असतील.

जेवायच्या उंच खुर्चीचा ट्रे, डबे, फ्रिजच्या आतल्या भिंती यांनाही ओल्या फडक्यावर सोडा पुरतो. पदार्थ वाळून चिकटला असेल तर ओलं फडकं आधी दहा मिनिटं नुसतं त्यावर ठेवा. अर्धं काम पाणीच करतं आणि नाव सोड्याचं होतं.

निळी_शाई

मेणखडूंबद्दल माझा अनुभव, यश आणि अपयश दोन्ही.

ओलं फडकं घट्ट पिळायचं, एका कोपऱ्यावर चिमूटभर सोडा घ्यायचा आणि हलक्या हाताने गोल फिरवायचं. सोड्याचे कण बारीक आणि मऊ असतात, मेणाचा थर खरवडून निघतो. हॉलमधल्या भिंतीला धुता येणारा, जरा चकाकी असलेला रंग आहे. तिथे दोन मिनिटांत डाग गेला. याच जोशात बेडरूमकडे वळलो. तिथे बिनचकाकीचा मॅट रंग आहे. डाग गेला, पण त्या जागी बशीएवढा चकचकीत गोल उमटला, संध्याकाळी दिवा लावला की अजून दिसतो. बायको त्याला 'तुझा सूर्य' म्हणते.

मग एकाने सुचवलं म्हणून दुसऱ्या डागाला तेल लावून पाहिलं. तेलात मेण विरघळतं हे खरं आहे. पण मॅट भिंत तेल पिते हेही खरं आहे. आता भिंतीवर खडूचा डाग नाही, तेलाचा आहे.

तेव्हा आधी सोफ्यामागच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. मी आता बघतो. उशीर झाला, पण बघतो.

अर्धवट_चहा

'तुझा सूर्य' वाचून मोठ्याने हसले, धाकटं दचकून उठलं. धन्यवाद (रागाने).

ती रबरी चकती आत्ता काढून पाहिली. धुणंभांडी, तुम्ही न लिहिलंत ते बरंच केलंत.

कोपऱ्यातला_प्रयोग

रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे सोडा-व्हिनेगरच्या फेसावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण ५ टक्के अॅसेटिक आम्ल. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, सौम्य अल्कली. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना संपवतात. उरतं काय? सोडियम अॅसिटेट नावाचं क्षार, पाणी आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे आम्लाचं काम करायला आम्ल उरलं नाही आणि अल्कलीचं करायला अल्कली नाही. तुम्ही दोन कामाच्या वस्तू घेऊन एक बिनकामाचं पाणी तयार केलंत. थोरल्याच्या टाळ्या मात्र रास्त आहेत, प्रयोग म्हणून तो छानच आहे.

हिशोबच सांगतो. १ लिटर व्हिनेगरमध्ये सुमारे ५० ग्रॅम आम्ल असतं. ते पूर्ण संपवायला साधारण ७० ग्रॅम सोडा लागतो आणि त्यातून २० लिटरच्या आसपास वायू निघतो. म्हणूनच हे मिश्रण 'करून ठेवू, लागेल तेव्हा वापरू' म्हणून बाटलीत भरून झाकण लावू नका. बाटली फुटते.

फेसाचा उपयोग एवढाच की बुडबुड्यांनी सैल कचरा थोडा हलतो. सिंक तुंबलं असेल तर त्यापेक्षा भांड्यांचा साबण, खूप गरम पाणी आणि रबरी पंप यांवर माझा जास्त विश्वास आहे.

ढोबळ नियम: पांढरा खडखडीत थर असेल तर आम्ल, म्हणजे व्हिनेगर किंवा लिंबू. आंबट वास, चिकटा किंवा खरवडून काढायचं काही असेल तर सोडा. तेलकट असेल तर कोरडं कॉर्नफ्लोर आणि मग साबण. साबणाला पर्याय शोधायच्या भानगडीत पडू नका, साबण उत्तम आहे.

केटलीचं: समान भाग व्हिनेगर आणि पाणी घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, ओता, मग दोन वेळा साधं पाणी उकळून फेकून द्या. वास नको असेल तर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व. बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्राच्या तळाशीही हाच थर जमतो, तिथेही हे चालतं, फक्त त्या यंत्राची पुस्तिका एकदा बघा. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि संगमरवर म्हणजेसुद्धा कॅल्शियम कार्बोनेट! त्यामुळे जे व्हिनेगर केटली लखलखीत करतं तेच संगमरवरी ओट्याची चकाकी खातं. दगडी फरशीवर व्हिनेगर-लिंबू नको म्हणजे नको.

वाळवण

+१. वाचनखूण साठवली.

आमच्या ओट्यावर लिंबाच्या फोडीच्या आकाराचा एक फिका डाग आहे, फोड ठेवली होती तिथेच. सात वर्षं मला वाटत होतं की दगडच तसा आहे.

दुपारची_झोप

गादीचं माझ्याकडे द्या. जुळी मुलं आहेत, या विषयात माझी डॉक्टरेट झाली आहे.

शू ताजी असेल तर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. चोळायचं अजिबात नाही, चोळलं की ती आत जाते. जाड टॉवेल चार पदरी घडी करून डागावर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. अक्षरशः उभं राहायचं, सगळं वजन टाकून. टॉवेल उलटायचा, परत उभं राहायचं. मग कोरडा टॉवेल, परत तेच. रात्री अडीच वाजता नवरा-बायको गादीवर एकेका टॉवेलवर उभे आहेत आणि दोन मुलं मजेत बघताहेत हे दृश्य आमच्या घरी नेहमीचं होतं. टॉवेलला ओल लागेनाशी झाली की फडकं गार पाण्यात भिजवून, पिळून, डाग टिपायचा आणि परत दाबायचं. त्यावर सोडा, चिमूटभर नाही, मूठभर, डाग दिसेनासा होईल इतका. सात-आठ तास तसाच राहू द्यायचा आणि मग व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. व्हॅक्यूम चालू असताना मुलं दुसऱ्या खोलीत, कारण बारीक धूळ उडते.

जुन्या डागाची गोष्ट वेगळी. ताजी शू साधारण किंचित आम्लधर्मी असते. ती राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, नाकात जातो तो वास त्याचा. अमोनिया अल्कली, तिथे व्हिनेगर चालतं. व्हिनेगर आणि पाणी समान भाग, फवारणीच्या बाटलीतून अगदी हलकं मारायचं, टिपायचं, पूर्ण वाळू द्यायचं. वाळल्यावर सोडा. एकावर एक ओतलंत तर वर प्रयोगवाल्यांनी सांगितलंय तेच होईल.

आता खरं बोलते. महिनोन्महिने मुरलेला वास यातल्या कशानेही पूर्ण गेला नाही. त्याला एन्झाइमवालं क्लीनरच आणावं लागलं. आणि सगळ्यात चांगला उपाय स्वयंपाकघरात नाहीच, तो म्हणजे गादीला जलरोधक कव्हर. दोन घ्या. एक धुवायला असतं तेव्हाच दुसऱ्याची गरज पडते.

वाकडी_वाट

धागा आवडला, पण एन्झाइम क्लीनर वगैरे कशाला? आमच्या घरी तीन वर्षांत एकही केमिकल आणलेलं नाही. फरशी, संडास, मुलांची खेळणी, सगळं व्हिनेगर आणि लिंबाने. मुलं ठणठणीत आहेत. जंतू मरतात, हात खराब होत नाहीत, निसर्गाने सगळं दिलेलं आहे.

कोपऱ्यातला_प्रयोग

वाकडी_वाट, अॅसेटिक आम्ल हेही केमिकलच. मीठसुद्धा. पाणी तर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं केमिकल. (हलकं घ्या.)

रोजच्या पुसण्याला तुमचं बरोबर आहे, फरशीला रोज जंतुनाशक लागत नाही. पण 'जंतू मरतात' याला हरकत आहे. व्हिनेगरने काही जिवाणू कमी होतात, पण जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. घरात उलट्या-जुलाबांची साथ आली की हे विशेष लक्षात ठेवा. नोरोव्हायरस व्हिनेगरला दाद देत नाही, हातावरच्या अल्कोहोल जेललाही फारशी देत नाही. तिथे हात साबण-पाण्याने धुणं आणि पृष्ठभागावर पातळ केलेलं ब्लीच, हेच करावं लागतं.

आणि ब्लीच बाहेर काढलंत की व्हिनेगर आणि लिंबू आत ठेवून द्या. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो फार वाईट. तसंच शूने भिजलेले कपडे थेट ब्लीचमध्ये टाकू नका, अमोनिया आणि ब्लीच मिळूनही विषारी वायू होतो. आधी पाण्याने नीट खळबळून घ्या.

वाकडी_वाट

साथीचं मान्य. गेल्या वर्षी आम्ही चौघंही एकापाठोपाठ एक आडवे झालो होतो, तेव्हाही मी व्हिनेगरनेच पुसत होते. आता कळतंय की चौघंही का.

रोजच्यासाठी मात्र मी बदलणार नाही.

कोपऱ्यातला_प्रयोग

बदलूही नका. दगडी फरशी नाही ना, एवढं बघा.

आजीची_पेटी

अगं अर्धवट_चहा, तुझी पोस्ट वाचून मला माझी मुलं लहान होती ते दिवस आठवले. आमच्याकडे तेव्हा असल्या बाटल्याच नव्हत्या, त्यामुळे फार पर्यायही नव्हते. दोन-तीन गोष्टी सांगते.

अरुंद तोंडाची बाटली ब्रशने निघत नसेल तर मूठभर कोरडे तांदूळ, थोडं कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून जोरात हलवायची. तांदूळ कोपऱ्यात पोचतात. मग दाणे मोजून नाही, पण नीट बघून सगळे बाहेर काढायचे, एखादा अडकून राहतो.

रक्त, दूध, अंडं यांच्या डागाला आधी गार पाणी. गरम पाणी घातलंस की डाग शिजतो आणि कापडात पक्का होतो. गुडघे फुटायचं वय आलं की हे रोज लागेल.

आणि मुलांच्या चिकटकामाला विकतचा गोंद कशाला? खळ कर. एक वाटी पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवायचं, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी ते दुधासारखं पांढरं असतं, मग एकदम चमच्याला जड लागायला लागतं, रंग बदलून जरा पारदर्शक होतं आणि मधोमध एक मोठा बुडबुडा फुटतो, फदक्कन. तो फुटला की आच बंद. गार झाल्यावर आणखी घट्ट होते, म्हणून पातळच उतरव. कागद, पुठ्ठा, कापड सगळं चिकटतं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. शिजवलेली असल्याने कुणी बोट चाटलं तरी जीव घाबरत नाही. कच्चं पीठ मात्र मुलांना चाटू देऊ नये म्हणतात हल्ली, जंतू असतात म्हणे त्यात.

कोपऱ्यातला_प्रयोग

आजी, दंडवत. तो 'फदक्कन' म्हणजे पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगल्याची खूण. वर्गात सांगायला याहून चांगला शब्द मला सापडला नव्हता. कच्च्या पिठाचंही खरं आहे, त्यात साल्मोनेला किंवा ई. कोलाय असू शकतात.

उंबरठा

बराच वेळ वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहितेच.

आम्हीही असंच सगळं नैसर्गिक केलं होतं. मी व्हिनेगर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं, कारण मोठा डबा जड होता. बाटलीवर काही लिहिलं नाही, कारण मला माहीत होतं ना त्यात काय आहे ते. एका रविवारी नवऱ्याने त्याच बाटलीतलं 'पाणी' पाच वर्षांच्या मुलीच्या पेल्यात ओतलं. तिने एक घोट घेतला आणि थुंकला, घसा चुरचुरला, रडली, संध्याकाळपर्यंत ठीक होती. घरातलं ५ टक्क्यांचं होतं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की सफाईसाठी विकतात ते तीव्र अॅसेटिक आम्ल असतं तर अन्ननलिका भाजली असती.

माझं म्हणणं एवढंच. बाटली माळ्यावर गेली म्हणून निर्धास्त झालो आणि तिच्या जागी जे आलं ते 'खायचंच तर आहे' म्हणून हाताच्या अंतरावर ठेवलं. मीठ आणि सोडाही तसाच. सोड्याच्या एका चमच्यात साधारण १,२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, मिठाच्या चमच्यात जवळपास त्याच्या दुप्पट. लहान मुलाने मूठभर खाल्लं तर ती खरीखुरी विषबाधा असते.

अर्धवट_चहा

उंबरठा, लिहिलंत ते फार बरं केलंत. आत्ता उठून पाहिलं. माझं व्हिनेगर पाण्याच्या बाटलीतच आहे. होतं.

धुणंभांडी

यावरून आठवलं. 'सोडा' या एका शब्दाने किती घोळ होतो! खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा. धुण्याचा म्हणजे सोडियम कार्बोनेट, कितीतरी जास्त तीव्र, डोळ्यात गेला किंवा ओल्या हाताला बराच वेळ लागला तर त्रास होतो. कॉस्टिक सोडा तर तिसराच प्रकार, तो कातडी जाळतो. आणि बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लाचं क्षार आणि स्टार्चही असतो, ती सफाईला निरुपयोगी. मावशींना 'सोडा घालून भिजवा' म्हणताना कुठला ते दाखवा. आमच्याकडे बाळाचे लंगोट धुण्याच्या सोड्यात भिजले होते, नीट खळबळले गेले नाहीत, आणि बाळाचं बूड लाल.

दुपारची_झोप

त्या लाल बुडावर कुणी खायचा सोडा लावा म्हणालं तर लावू नका, हे इथेच लिहून ठेवते. नाजूक, सोललेल्या कातडीतून सोडा शरीरात जातो. लंगोटाच्या पुरळावर सोडा लावल्यामुळे बाळाच्या रक्तातला क्षारांचा तोल बिघडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. कॉर्नफ्लोरही पावडरसारखं भुरभुरू नका, बारीक पूड श्वासात जाते.

कॉर्नफ्लोर कपड्यावर वापरा, तिथे ते राजा आहे. तेलाचा डाग पडला की कोरडं कॉर्नफ्लोर दाबून लावायचं, अर्ध्या तासाने झटकायचं, मग भांड्यांचा साबण थेट डागावर. ओलं करायची घाई केली की डाग पसरतो.

निळी_शाई

कपड्यांवरून आमचं ताजं प्रकरण. लेकीने पांढऱ्या फ्रॉकवर काळ्या द्राक्षांचा रस सांडला. मी म्हटलं, सोडा आहेच. ओलं करून सोडा लावला आणि जांभळा डाग माझ्या डोळ्यांदेखत निळसर-हिरवा झाला! लेकीला वाटलं मी जादू केली. बायकोला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

कोपऱ्यातला_प्रयोग

काळी द्राक्षं, जांभळा कोबी, बऱ्याच जांभळ्या-लाल फळांत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. आम्लात ती लाल होतात, अल्कलीत निळी-हिरवी. त्या डागावर आता लिंबू पिळलंत तर परत लालसर होईल. जाईल असं नाही, पण रंग तुमच्या आवडीचा मिळेल. फळाच्या डागाला आधी भरपूर गार पाणी, मग सौम्य आम्ल, मग साबण. सोडा नको.

चिमटा

माझं एक लिंबूपुराण. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं अंगणात बसून लिंबं पिळत होती, सरबत करत होती. कोपरापर्यंत रस, वर कडक ऊन. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या मनगटावर लाल पट्टे, मग फोड, आणि नंतर तपकिरी डाग कित्येक आठवडे राहिले. कुणी मारलंय का इथपर्यंत विचारून झालं. डॉक्टर म्हणाले, लिंबाच्या सालीत आणि रसात असलेल्या द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते. तेव्हापासून लिंबाने काहीही घासलं की हात साबणाने धुऊनच बाहेर.

अवांतर: गाडीतल्या बेबी सीटवर उलटी झाली तर कापडावर काहीही करा, पण पट्ट्यांना व्हिनेगर, ब्लीच काही लावू नका. उत्पादक फक्त सौम्य साबण आणि पाण्याने पुसायला सांगतात, कारण अपघातात त्या धाग्यांवरच सगळं अवलंबून असतं. आमच्या पट्ट्यांना वास राहिला. राहू दे.

वाळवण

अजून एक अवांतर. कॉर्नफ्लोर आणि पाणी कालवून ते चिकट-घट्ट खेळणं करतात ना, जोरात दाबलं की कडक आणि सोडलं की ओघळतं? दोन वाट्या कॉर्नफ्लोरला साधारण एक वाटी पाणी. मुलं दीड तास जागची हलली नाहीत. खेळ संपल्यावर मी शहाणीने ते मोरीत ओतलं. नळाखाली ते खाली बसलं, घट्ट झालं, आणि पुढचा दीड तास मी जागची हलले नाही. ताटात पसरून वाळवायचं आणि केराच्या डब्यात टाकायचं.

मिठाच्या कणकेची खेळणीही जपून. दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ पडतं. रंगवल्यावर ती बिस्किटांसारखी दिसतात आणि कुत्रा असेल तर त्यालाही तसंच वाटतं.

अर्धवट_चहा

सगळ्यांचे आभार. आठवडाभरात केलं ते सांगते.

ओट्याखालच्या कपाटाला खटका बसवला. आत फक्त फडकी, घासणी आणि भांड्यांचा साबण. सोडा, मीठ, व्हिनेगर वरच्या फळीवर, मूळ डब्यांत, फवारणीच्या बाटलीवर मार्करने मोठं 'व्हिनेगर'. थोरल्याला अजून वाचता येत नाही, पण नवऱ्याला येतं. माळ्यावरच्या बादलीतून ब्लीच आणि एन्झाइम क्लीनर तेवढं ठेवलं, बाकी कमी केलं.

केटली: पहिल्या खेपेत निम्मा थर गेला, दुसऱ्या खेपेत तळ दिसला. गादी: टॉवेलवर उभी राहिले. थोरलाही उभा राहिला, त्यानेच केलेली शू असूनही अत्यंत गंभीर चेहऱ्याने. सकाळपर्यंत वास नव्हता. भिंत: आमचाही रंग मॅट निघाला, सोफ्यामागे करून पाहिलं आणि थांबले. खडूचं घर भिंतीवर राहणार आहे, त्याला मी तारीख घातली.

स्टिकरबद्दल कुणीच बोललं नाही. आत्ता तेल लावून ठेवलंय.

धुणंभांडी

तेलच बरोबर. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग कापडाने गोल चोळा, शेवटी साबणाचं पाणी. निघालं का?

अर्धवट_चहा

निघालं. अगदी स्वच्छ निघालं. आता कपाटाच्या दारावर नव्यासारखा पांढरा चौकोन आहे आणि बाकीचं दार पिवळट, जे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. थोरला मगाशी येऊन बघून गेला. त्याच्या मते तिथे आता मोठा स्टिकर लावावा लागेल.